हिपॅटायटिस बी आणि सी: धंदा करणाऱ्या बायका पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

प्रश्न पाठवणाऱ्या बायका आपल्या कामाला 'धंदा' म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द ठेवला आहे. एचआयव्हीबद्दल यातल्या बऱ्याच जणींना बारीकसारीक माहिती असते. लिव्हरचा विषय निघाला की मात्र गोंधळ सुरू होतो. दोष त्यांचा नाही, त्यांना हे कुणी नीट बसून सांगितलेलंच नसतं. बी टाळणारी लस आहे आणि सी पूर्ण बरा करणाऱ्या गोळ्या आहेत. तरीही या दोन्ही गोष्टी ज्यांना सगळ्यांत जास्त लागतात त्यांच्यापर्यंतच उशिरा पोचतात. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत, कारण काही उत्तरं एकमेकांना जोडलेली आहेत.

१. हिपॅटायटिस म्हणजे कावीळच ना? माझ्या मैत्रिणीला झाली होती, महिन्याभरात बरी झाली.

कावीळ हे लक्षण आहे. लिव्हरचं काम बिघडलं की बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य रक्तात साठतं आणि डोळे, कातडी, लघवी पिवळी दिसायला लागते. हिपॅटायटिस म्हणजे लिव्हरला आलेली सूज. ती विषाणूंनी येते, दारूने येते, काही औषधांनीही येते. पित्ताच्या नळीत खडा अडकला तर सूज नसतानाही डोळे पिवळे होतात. म्हणजे 'कावीळ झाली होती' एवढ्यावरून काय झालं होतं ते कळत नाही, आणि 'कावीळ उतरली' म्हणजे विषाणू गेला असंही नाही. मैत्रिणीला सांगा, रक्त एकदा तपासून घे.

२. ए, बी, सी, डी, ई अशी नावं ऐकते. आमच्या कामात कुठल्याची भीती?

मुख्यतः बी आणि सी. हे दोन्ही रक्तातून पसरतात, बी तर वीर्य आणि योनीस्रावातूनही. शरीरात ते वर्षानुवर्षं मुक्काम करू शकतात आणि शेवटी लिव्हर आकसतं (सिरोसिस) किंवा लिव्हरचा कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात सुमारे २५.४ कोटी लोक बी घेऊन आणि ५ कोटी लोक सी घेऊन जगत होते. त्या एका वर्षात व्हायरल हिपॅटायटिसने सुमारे १३ लाख माणसं गेली.

डी हा विषाणू बी असल्याशिवाय जगूच शकत नाही. बी असलेल्या शंभरांपैकी साधारण पाच जणांमध्ये तो सापडतो आणि आजार फार झपाट्याने वाढवतो. बीची लस घेतली की डीचीही चिंता मिटते.

ए आणि ई विष्ठेने दूषित झालेल्या पाण्यातून आणि अन्नातून पसरतात. सहसा आपोआप बरे होतात. दोन अपवाद ध्यानात ठेवा. गुदद्वाराला तोंड लावल्याने ए लागू शकतो, त्याची लस मिळते. आणि गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ई झाला तर तो जिवावर बेततो. तेव्हा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

३. बी एचआयव्हीपेक्षा लवकर लागतो हे खरं का?

खरं आहे. दूषित सुई टोचली गेली तर एचआयव्ही लागण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते, सीची साधारण २ टक्के. लस न घेतलेल्या माणसाला बी लागण्याची शक्यता मात्र ६ ते ३० टक्के, कारण बी असलेल्याच्या रक्तात हा विषाणू प्रचंड संख्येने असतो. शिवाय तो चिवट आहे, शरीराबाहेर सुकलेल्या रक्तातही निदान ७ दिवस जिवंत राहतो. ब्लेडच्या कडेला दिसतही नाही एवढा डाग पुरतो.

संभोगातून तो सहज पसरतो. योनीत किंवा गुदद्वारात बारीक चीर असली, गुप्तरोगाची जखम असली, तर आणखी सहज. म्हणून योनी कोरडी करण्यासाठी पावडर, तुरटी, साबण, डेटॉल असलं काही वापरू नका. त्याने आतलं अस्तर सोलवटतं आणि विषाणूला वाट मोकळी होते.

४. आणि सी? तोही गिऱ्हाइकाकडून लागतो का?

स्त्री-पुरुषांच्या संभोगातून सी लागणं क्वचितच घडतं. तो रक्ताचा विषाणू आहे. रक्त येईल असा संभोग, पाळी चालू असताना कंडोमशिवाय संभोग, अंगात एचआयव्ही असणं, गुप्तरोगाच्या जखमा, यांनी धोका वाढतो, पण मोठी वाट सुईचीच. धंद्यातल्या बायकांमध्ये सी जास्त सापडतो तिथे बहुतेकदा नशेच्या इंजेक्शनांचा संबंध निघतो: ती स्वतः घेते, किंवा तिचा माणूस घेतो आणि दोघं एकच सिरिंज वापरतात. दुसरी वाट म्हणजे न उकळलेल्या, पुन्हा वापरलेल्या सुया. ताप आला, अशक्तपणा वाटला की कुणाकडूनही इंजेक्शन टोचून घ्यायची सवय असेल तर ती आजच सोडा. गोळीने काम होत असेल तर गोळीच मागा. सुई घ्यावीच लागली तर पाकीट तुमच्या डोळ्यांसमोर फोडायला लावा.

५. माझी दर काही महिन्यांनी रक्ततपासणी होते. त्यात हे आलंच असेल ना?

हा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो, म्हणून ठासून सांगतो: एचआयव्ही आणि सिफिलिसच्या तपासणीत हिपॅटायटिस बी-सी आपोआप येत नाही. रक्त एकाच बाटलीत घेतलं तरी तपासण्या वेगळ्या असतात आणि सांगितल्या तेवढ्याच होतात. पुढच्या वेळी हात पुढे करण्याआधी विचारा, "यात हिपॅटायटिस बी आणि सी आहे का?" नसेल तर लिहून द्यायला सांगा. जुने कागद असतील तर त्यावर 'एचबीएसएजी' (HBsAg, बीची तपासणी) आणि 'अँटी-एचसीव्ही' (Anti-HCV, सीची) हे शब्द शोधा. ते नसतील तर तुमची तपासणी झालेली नाही.

गिऱ्हाइकाने 'माझा रिपोर्ट निगेटिव्ह आहे' म्हणून कागद दाखवला, तर त्यालाही हेच लागू.

६. मला काहीच होत नाही. भूक लागते, काम करते. तरी तपासायचं?

हो. लिव्हर गप्प राहून सोसतं. बी किंवा सी लागल्यावर बहुतेकींना काहीच जाणवत नाही, फार तर थोडे दिवस थकवा, मळमळ, सांधेदुखी. पोटात पाणी होणं, रक्ताची उलटी, पाय सुजणं हे दिसेपर्यंत वीस-तीस वर्षं गेलेली असतात. नेहमीची लिव्हरची तपासणी, म्हणजे एसजीपीटी, नॉर्मल आली तरी विषाणू आत असू शकतो. त्या आकड्यावर समाधान मानू नका.

७. नेमक्या कुठल्या तपासण्या करायच्या आणि कागद कसा वाचायचा?

बीसाठी तीन गोष्टी एकत्र पाहिल्या की चित्र स्पष्ट होतं. एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आत्ता अंगात आहे. अँटी-एचबीएस १० किंवा त्याहून जास्त म्हणजे संरक्षण आहे. अँटी-एचबीसी, म्हणजे कोअर अँटिबॉडी (अँटिबॉडी म्हणजे विषाणूशी लढायला शरीर बनवतं ते द्रव्य), पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला किंवा अजून आहे. लसीने ही तिसरी कधीच पॉझिटिव्ह होत नाही. तिन्ही निगेटिव्ह असतील तर तुम्ही उघड्यावर आहात, लगेच लस घ्या. तीनही तपासण्या परवडत नसतील तर निदान एचबीएसएजी करा.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह येऊन सहा महिने झाले आणि अजूनही पॉझिटिव्हच आहे, तर त्याला जुनाट बी म्हणतात. जन्मताना किंवा तान्हेपणी लागण झालेल्या दहापैकी नऊ जणांत तो जुनाट होतो. धडधाकट मोठ्या माणसात मात्र शंभरांत पाचांहूनही कमी, बाकीच्यांचं शरीर त्याला हुसकावून लावतं. त्यामुळे आज पॉझिटिव्ह आलेली बाई तो धंद्यात घेऊन आलेली असण्याचीही बरीच शक्यता असते, कदाचित जन्मतःच आईकडून मिळालेला. स्वतःला दोष देत बसलेल्या बायकांना आम्ही हे मुद्दाम सांगतो.

सीमध्ये दोन पायऱ्या आहेत. पहिली अँटी-एचसीव्ही. ती पॉझिटिव्ह म्हणजे विषाणूशी गाठ पडली होती एवढंच. तो अजून आहे का, हे दुसरी तपासणी सांगते: एचसीव्ही आरएनए. तीनपैकी साधारण एकीचा सी पहिल्या सहा महिन्यांत आपोआप जातो. म्हणून पहिल्याच कागदावर रडायला बसू नका, आणि दुसरी तपासणी न करता घरीही बसू नका. सीची तपासणी स्वतःची स्वतः करता येते असा तोंडातला लाळेचा नमुना घेणारा संचही आहे. तसल्या एका संचाला जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्यता दिली. त्यात पॉझिटिव्ह आलं तरी आरएनए लागतोच.

८. कालच धोका झाला. आज तपासलं तर कळेल?

नाही. बीचा एचबीएसएजी दिसायला साधारण एक ते दोन महिने लागतात, सीची अँटिबॉडी दिसायला दोन ते तीन महिने. आरएनए एक-दोन आठवड्यांत दिसू शकतो. आजची तपासणी कालच्या आधीचं सांगते. तीही करा, पण तीन महिन्यांनी आणि बीसाठी सहा महिन्यांनी पुन्हा करा. मधल्या काळात काय करायचं ते प्रश्न ११ मध्ये आहे.

९. लस खरंच चालते? किती डोस?

चालते, आणि फार चांगली चालते. ही लस १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून वापरात आहे. लिव्हरचा कॅन्सर टाळते म्हणून कॅन्सरविरुद्धची पहिली लस असंही तिला म्हटलं जातं. नेहमीचे तीन डोस: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. पूर्ण घेतले की धडधाकट मोठ्यांपैकी दहात नऊहून अधिक जणींना संरक्षण मिळतं आणि ते निदान २० वर्षं, बहुधा आयुष्यभर टिकतं. काही नव्या लसी दोन डोसांच्याही आहेत.

जिला एका जागी सहा महिने राहणं शक्य नाही तिच्यासाठी वेगवान पद्धत आहे: आज, सातव्या दिवशी, एकविसाव्या दिवशी, आणि वर्षाने चौथा. फिरतीवरच्या बायकांनी हे डॉक्टरांकडे आपणहून मागावं, कारण तुम्ही फिरतीवर आहात हे त्यांना माहीत नसतं.

आधी तपासणी करणं चांगलं, पण तपासणीची सोय नाही म्हणून लस अडवून ठेवू नका. आधीच लागण झालेलीला लस दिली तर अपाय होत नाही, फक्त उपयोग होत नाही. गरोदर बाईलाही देता येते.

सीवर लस नाही.

१०. पहिला डोस घेतला आणि मग वर्षभर जमलंच नाही. पुन्हा पहिल्यापासून?

नाही. राहिलेला डोस आज घ्या आणि पुढे चला. घेतलेला वाया जात नाही. दुसरा आणि तिसरा डोस यांच्यात निदान दोन महिने ठेवा, एवढंच. बऱ्याच जणी 'आता परत सगळं करायला लावतील' या धास्तीने जातच नाहीत, त्यांना हे सांगा.

लस पूर्ण करून एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस तपासून घेतलं तर उत्तम. १० पेक्षा कमी आलं तर आणखी तीन डोस देतात आणि त्यानंतर बहुतेकींचं संरक्षण तयार होतं.

११. कंडोम फाटला, किंवा त्याने जबरदस्तीने काढला. आता काय?

घड्याळ बघा. लस घेतलेली नसेल किंवा अर्धवट असेल तर बीच्या लसीचा डोस शक्य तितक्या लवकर, २४ तासांच्या आत घ्या. समोरच्याला बी आहे हे माहीत असेल तर सोबत तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, म्हणजे एचबीआयजी, देतात. संभोगातून धोका झाला असेल तर ते १४ दिवसांपर्यंत देता येतं, पण जितका उशीर तितका उपयोग कमी. लस पूर्ण झालेली आणि अँटी-एचबीएस १० च्या वर आलेलं असेल तर बीसाठी काही करावं लागत नाही.

एचआयव्हीसाठीच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू करायच्या असतात, त्याच भेटीत मागा. सीसाठी आधीच घ्यायचं औषध नाही. तपासणी करत राहायची आणि निघालाच तर उपचार घ्यायचे (प्रश्न १५).

आतून पिचकारीने धुऊ नका, साबण लावू नका. बाहेरून साध्या पाण्याने धुवा. आणि जबरदस्ती ही जबरदस्तीच असते, पैसे घेतलेले असले तरी. उपचार मागताना तुम्हाला काहीही सिद्ध करायचं नाही.

१२. मी कंडोमशिवाय बसतच नाही. तरी भीती आहे?

खूपच कमी आहे, पण शून्य नाही. कंडोम कामाच्या वेळी संरक्षण देतो. सुई, ब्लेड, टॅटू, कान टोचणं यांपासून देत नाही. आणि बऱ्याच जणी गिऱ्हाइकासोबत कंडोम वापरतात, आपल्या माणसासोबत नाही. तिथूनच लागण होते. तेल किंवा व्हॅसलीन लावलं की लॅटेक्सचा कंडोम फाटतो, पाण्यावर आधारलेलं वंगण वापरा. तोंडाने केलेल्या संभोगात बी-सीचा धोका कमी असतो, हिरड्यांतून रक्त येत असेल तर मात्र वाढतो. लस घेतली म्हणून कंडोम सोडायचा नाही, लस फक्त बी आणि डी अडवते.

१३. आमच्या खोलीतल्या एकीला बी निघाला. तिचं ताट, कपडे, संडास वेगळे करायचे का?

नाही. ताट, पेला, अंथरूण, मिठी, एकत्र झोपणं, तिच्या हातचं खाणं, यातून बी-सी लागत नाही. तिला वेगळं बसवू नका. त्याने लागण रोखली जात नाही, फक्त पुढची मुलगी तपासणी लपवते.

वेगळ्या ठेवायच्या त्या रक्त लागू शकेल अशा वस्तू: ब्लेड, रेझर, दात घासायचा ब्रश, नखं कापायचं यंत्र, भुवया कोरायचा चिमटा, कानातले. या वस्तू कुणीच कुणाच्या वापरू नयेत, सगळ्या निगेटिव्ह असल्या तरी. रक्त सांडलं तर हातमोजे घालून एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा ताज्या द्रावणाने पुसा. आणि खोलीतल्या बाकी सगळ्यांची तपासणी आणि लस याच आठवड्यात उरका.

१४. मला बी पॉझिटिव्ह निघाला. किती दिवस राहिले?

हा प्रश्न आला की आधी आम्ही समोरचीला पाणी देतो. जुनाट बी असलेल्या पुष्कळ बायका म्हातारपणापर्यंत नीट जगतात. अट एकच: लक्ष ठेवायचं. बी समूळ घालवणारं औषध अजून हाती नाही, पण टेनोफोविर किंवा एन्टेकाविर या रोज एक घ्यायच्या गोळ्या त्याला दाबून ठेवतात आणि सिरोसिस, कॅन्सर यांचा धोका पुष्कळ कमी करतात.

सगळ्यांनाच लगेच गोळी लागते असं नाही. एचबीव्ही डीएनए (रक्तात बीचा विषाणू किती आहे ते मोजणारी तपासणी), एसजीपीटी, प्लेटलेट आणि लिव्हर किती कडक झालंय यावरून डॉक्टर ठरवतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये हे निकष सैल केले, त्यामुळे पूर्वी 'तुला गरज नाही' म्हणून परत पाठवलेल्या बायकांनी पुन्हा दाखवावं. डीचीही तपासणी मागा. एकदा गोळी सुरू झाली की मनाने बंद करायची नाही. एकदम थांबवली तर विषाणू उसळी मारतो आणि लिव्हर काही आठवड्यांत निकामी होऊ शकतं. काम, प्रवास, पोलिसांचा त्रास यांमुळे खंड पडण्याची भीती असेल तर जास्तीच्या गोळ्या आधीच मागून ठेवा.

सिरोसिस असेल तर दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी. बीमध्ये सिरोसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो, म्हणून तुम्हाला कितीदा करायची ते विचारून घ्या. 'लिव्हर साफ करणाऱ्या' जडीबुटीपासून लांब राहा. त्यातल्या काही लिव्हरलाच मारतात.

१५. सी खरंच पूर्ण बरा होतो?

होतो. हा विषाणू १९८९ साली ओळखला गेला, त्याआधी त्याला 'ना ए, ना बी' एवढंच नाव होतं. आज सोफोसबुविर आणि डाक्लाटासविर किंवा वेलपाटासविर अशा गोळ्या बहुतेकींना १२ आठवडे घ्याव्या लागतात आणि शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक जण बरे होतात. पूर्वीची वर्षभराची इंटरफेरॉनची इंजेक्शनं, तो ताप, ती गळून जाणारी भूक आता लागत नाही. त्या जुन्या उपचाराच्या गोष्टी ऐकून घाबरलेल्या बायका आजही भेटतात.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी. एक, बीची तपासणी करून घ्या: सीवरच्या गोळ्यांनी सी गेला की दबलेला बी उठून बसू शकतो. दोन, चालू असलेली सगळी औषधं सांगा. टीबीचं रिफाम्पिसिन यांच्यासोबत चालत नाही, एचआयव्हीच्या काही गोळ्यांसोबत मात्रा बदलावी लागते. संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए करायचा. तो निगेटिव्ह आला की तुम्ही बऱ्या झालात.

बरं झाल्यावर पुन्हा लागू शकतो, शरीर सीविरुद्ध कायमचं कवच तयार करत नाही. पुन्हा लागला तर पुन्हा उपचार मिळायला हवा, 'तुझी चूक' म्हणून कुणी नाकारू नये.

१६. मी इंजेक्शनची नशा करते. मला कुणी उपचार देईल?

नशा चालू असतानाही सीच्या गोळ्या चालतात आणि आधी नशा सोडण्याची अट वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही. डॉक्टर बदला, पण उपचार सोडू नका. दरम्यान सुई-सिरिंज प्रत्येक वेळी नवी. बऱ्याच जणी सुई वेगळी ठेवतात, पण चमचा, कापूस, पाणी एकच वापरतात. सी त्यातूनही जातो. नाकाने ओढायची नळीसुद्धा वाटून घेऊ नका, नाकातून रक्त येतं. नशेच्या इंजेक्शनाऐवजी दवाखान्यात देतात ती औषधं, मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन, मिळत असतील तर घ्या. सीची तपासणी दर तीन ते सहा महिन्यांनी.

१७. गिऱ्हाइकासोबत प्यावंच लागतं. किती चालेल?

बी किंवा सी असताना सुरक्षित असं माप नाही. विषाणू आणि दारू मिळून लिव्हर फार लवकर जाळतात. हे वाचून कुणी उद्यापासून पूर्ण थांबेल अशी आमची अपेक्षा नाही, कारण पिणं बऱ्याचदा कामाचाच भाग असतं. पण पेल्यात नुसता सोडा किंवा पाणी ठेवणं, दोन पेल्यांमधलं अंतर वाढवणं, आठवड्यातले काही दिवस कोरडे ठेवणं, यांचा फरक पडतो. रोज भरपूर पिणारीने एकदम बंद करू नये, झटके येऊ शकतात. डॉक्टरांच्या मदतीने कमी करा. रोज पिणारीने पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमच्या वर घेऊ नये, म्हणजे ५०० च्या चार गोळ्या.

१८. मी गरोदर आहे आणि बी आहे. बाळ?

बाळ वाचवता येतं, आणि ते खूप पक्क्या उपायांनी. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत बाळाला लसीचा पहिला डोस, मिळत असेल तर एचबीआयजी, मग पुढचे डोस वेळेवर. आईचा एचबीव्ही डीएनए २,००,००० च्या वर असेल तर गरोदरपणातच टेनोफोविर देतात. डीएनए तपासण्याची सोय नसेल तर पॉझिटिव्ह असलेल्या सगळ्याच गरोदर बायकांना ते देता येतं. बाळंतपण घरी होणार असेल तर लसीची सोय आधीच ठरवा. ते पहिले २४ तास पुन्हा मिळत नाहीत. अंगावर पाजा.

सी असेल तर बाळाला लागण्याची शक्यता साधारण ६ टक्के, सोबत एचआयव्ही असेल तर दुपटीच्या आसपास. सीच्या गोळ्या सहसा बाळंतपणानंतर सुरू करतात. अंगावर पाजायला हरकत नाही, फक्त स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत असेल तर बरं होईपर्यंत थांबायचं. बाळाची अँटिबॉडी १८ महिन्यांआधी तपासण्यात अर्थ नाही, ती आईचीच असते.

१९. मला एचआयव्हीही आहे, किंवा मी प्रेपच्या (एचआयव्ही लागू नये म्हणून आधीच घ्यायच्या) गोळ्या घेते. काही वेगळं?

वेगळं आहे. एचआयव्हीच्या नेहमीच्या गोळीत टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन असतं आणि ते बीवरही काम करतं. म्हणजे एका गोळीत दोन्ही. पण डॉक्टरांनी औषध बदललं आणि टेनोफोविर काढलं, तर बी उसळेल (प्रश्न १४). बदलताना आठवण करून द्या.

प्रेपच्या रोजच्या गोळीतही टेनोफोविर आहे, म्हणून सुरू करताना बी तपासतात आणि बी असेल तर बंद करताना देखरेख लागते. प्रेपचं इंजेक्शन बीवर काहीच काम करत नाही. गोळीवरून इंजेक्शनवर जाताना हा मुद्दा सुटून जातो.

२०. गर्भनिरोधक गोळ्या चालतील?

जुनाट बी-सी असेल आणि लिव्हर ठीक असेल तर चालतात. कावीळ चालू असताना किंवा सिरोसिस वाढलेला असताना इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या टाळायच्या. सीच्या काही गोळ्यांचं त्यांच्याशी जमत नाही, उपचार सुरू करताना सांगा. तांबी चालते.

२१. लस घेतली आणि आठवड्याने कुठल्यातरी शिबिरात एचबीएसएजी पॉझिटिव्ह आला! लसीनेच लागला?

नाही. लसीत विषाणू नसतो, त्याच्या बाहेरच्या आवरणाचा तुकडा असतो आणि तपासणी नेमकी तोच तुकडा शोधते. लसीनंतर सुमारे १८ दिवसांपर्यंत असं दिसू शकतं. महिन्याभराने पुन्हा तपासा. तेव्हाही पॉझिटिव्ह असेल तर लागण आधीची आहे.

२२. फक्त कोअर अँटिबॉडी पॉझिटिव्ह, बाकी दोन्ही निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले 'काही नाही, जा'.

बहुतेकदा त्याचा अर्थ जुनी लागण, बरी झालेली. कधी तपासणीच चुकलेली असते. पण क्वचित रक्तात न दिसणारा बी लिव्हरमध्ये दबून असतो. एरवी त्रास देत नाही. मात्र पुढे केमोथेरपी, जास्त दिवस स्टिरॉइड किंवा सीचा उपचार घ्यायची वेळ आली तर तो उठू शकतो. म्हणून तो कागद फेकू नका, फोटो काढून ठेवा आणि अशा वेळी पुढे करा.

२३. मालकीण म्हणते रिपोर्ट दाखव, नाहीतर खोली सोड. आणि पॉझिटिव्ह असले तर धंदा बंद करायचा का?

तपासणी तुमच्या संमतीने व्हायला हवी आणि निकाल तुमचा असतो. धंदा करणाऱ्यांची सक्तीची तपासणी चुकीची आहे ही जागतिक आरोग्य संघटनेचीही भूमिका आहे. सक्तीने आजार कमी होत नाही, बायका दवाखान्यापासून लांब पळतात. मालकिणीशी एकटीने भांडण्यापेक्षा तुमच्या संघटनेच्या किंवा दवाखान्याच्या ताईला सोबत न्या. खोलीतल्या सगळ्यांनी लस घेतली की एकीच्या बी पॉझिटिव्ह असण्याने बाकीच्यांना धोका जवळजवळ उरत नाही, हे बोलणं मालकिणीला पटतं.

पॉझिटिव्ह म्हणून काम बंद करण्याची गरज नाही. कंडोम, वेगळं ब्लेड, चालू असल्यास गोळी. कायमच्या जोडीदाराला सांगा म्हणजे त्याला तपासून लस घेता येईल. सांगितल्यावर मारहाण होईल असं वाटत असेल तर आधी समुपदेशकाशी बोला, दुसरी वाट काढता येते. रक्तदान करू नका.

२४. माझा सी बरा झाला, कागद आहे. तरी दुसऱ्या दवाखान्यात तपासलं तर पुन्हा पॉझिटिव्ह, आणि खोलीत सगळ्या म्हणतात मी खोटं बोलते.

तुम्ही खोटं बोलत नाही. तिथे अँटी-एचसीव्ही केली असणार. बऱ्या झालेल्या बहुतेकींची अँटिबॉडी पुढे वर्षानुवर्षं पॉझिटिव्हच राहते, म्हणून तुमच्यासाठी ती तपासणी आता निरुपयोगी आहे. यापुढे कुणीही सी तपासायला घेतला तर म्हणा, "उपचार झालेत, आरएनए करा." उपचारानंतरच्या आरएनएच्या कागदाच्या दोन प्रती काढा, एक पिशवीत आणि एक विश्वासातल्या माणसाकडे. तो कागद निगेटिव्ह आहे आणि त्यानंतर नवा धोका झालेला नाही, तोवर तुम्हाला सी नाही. खोलीतल्या मुलींना हवं तर प्रश्न ७ वाचून दाखवा.